खारपाणपट्टा

अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या भूजलाचा प्रदेश, पसरला आहे. दर्यापूर, भातकुलीकडच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. मूतखडा, किडनीच्या तक्रारी इथे नेहमीच्या. हे पाणी पिकाला दिले तर जमिनीत सोडियम साठतो, चिकण मातीचे कण सुटे होऊन छिद्रे बुजतात आणि पावसाचे पाणी मुरत नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने यावर जिप्सम सुचवले. त्यातला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो. सोडियम मात्र गोड्या पाण्यानेच धुऊन निघतो. म्हणून शेततळ्यात साठवलेला पाऊस हाच इथल्या शेतकऱ्याचा खरा आधार आहे.