वाघाच्या यादीतलं प्रवाळ

सकाळी ८
शोभेच्या माशांच्या दुकानाचं शटर उघडण्याआधी कान देतो. हवेच्या पंपांची घरघर चालू असली, म्हणजे रात्री लाइट टिकली. आत गेल्यावर आधी मेलेले मासे काढायचे, मग थर्मामीटर बघायचा. मे महिन्यात परतवाड्यात सकाळीच पाणी ३१ अंशांवर असतं. गप्पी, मोली निभावून नेतात. गोल्डफिश मात्र वर येऊन तोंड वासतात.

सकाळी १०
पाणीबदल. तळातली घाण नळीनं ओढत प्रत्येक टाकीतलं पाव पाणी काढायचं आणि ड्रममध्ये आदल्या दिवशी भरून ठेवलेलं, क्लोरीन उडालेलं पाणी हळूहळू सोडायचं.

दुपारी १२
दर्यापूरकडचे एक काका नातवाला घेऊन आले. "भाऊ, आमचं पानी त तसंबी खारंच हाय. थे निमोवाले मासे जगतीन का नाई त्यात?" नाही जगणार. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तिकडच्या खारपाणपट्ट्यातली विहीर त्याच्या जवळपासही जात नाही, आणि क्षारांचं प्रमाणही वेगळं. नातू गप्पीवर खूश झाला.

दुपारी ३
रस्त्यावर चिटपाखरू नाही. बर्फाच्या बाटल्या टाक्यांत सोडतो. कुणी प्रवाळ ठेवू म्हटलं, तर त्याला साधारण २४ ते २७ अंश लागतात. पाणी काही आठवडे एक-दोन अंशांनी जास्त तापलं, तरी ते आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. शेवाळच त्याला अन्न पुरवतं. वऱ्हाडाच्या उन्हाळ्यात पाणी गार करणाऱ्या चिलरशिवाय हा खेळ चालणार नाही.

संध्याकाळी ५
शाळकरी पोरीनं मोबाइलवर फोटो दाखवला: प्रवाळ, क्लाऊनफिश, पिवळा बटरफ्लायफिश. "काका, हे सगळे एकत्र राहतात?" क्लाऊनफिश, क्रोमिस आणि बहुतेक गोबी प्रवाळाच्या वाटेला जात नाहीत. बटरफ्लायफिशचं टोकदार तोंड मात्र प्रवाळाचे इवले जीव टिपायलाच घडलेलं. त्याच्या बऱ्याच जातींचं तेच जेवण. मोठे समुद्री एंजल कुरतडतात, ट्रिगरफिश फोडतात. आमच्या टाकीतला एंजल निराळा, तो ॲमेझॉनच्या गोड्या पाण्यातला. समुद्रात ही खादाडी चालून जाते, कारण तिथं प्रवाळाचे खडक मैलोन्‌मैल पसरलेले असतात. तीन फुटी टाकीत एकच मासा सगळं फस्त करतो.

संध्याकाळी ७
चिखलदऱ्याहून उतरलेले पाहुणे. "खरं प्रवाळ मिळेल का? पैसे म्हणाल तेवढे." त्यांना विचारलं, वाघाचं कातडं घ्याल का? मेळघाटच्या दारातलं गाव आमचं. वाघ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, हे इथं पोराटोरांनाही ठाऊक. त्याच अनुसूचीत खडक बांधणारं प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखा आणि समुद्रघोडाही आहे. पाहुणे रेझिनचं प्रवाळ घेऊन गेले.

रात्री ९
हिशेब, दिवे बंद, पंप चालू. कुठला मासा प्रवाळाला चालतो, हा प्रश्न चांगला आहे. पण घरच्या टाकीपुरतं उत्तर त्याआधीच कायद्यानं ठरतं. टाकीत गोड्या पाण्याचे मासे आणि खोटं प्रवाळ ठेवा. खरं बघायचं असेल तर मालवणला जा. १९८७ पासून तिथं सागरी अभयारण्य आहे. पाण्यात उतराल तेव्हा प्रवाळावर पाय देऊ नका, तुकडा तोडू नका. आणि कुणी विकायला आणलं, तर वनखात्याला कळवा.