मासळीची गाडी : नवी घ्यावी की जुनी?



ऑगस्टमध्ये बोटी समुद्रात गेल्या की ऑफिसात दरवर्षी एक प्रश्न येतोच. "सेक्रेटरीबाब, भाड्याच्या गाडीला कंटाळलो. स्वतःची घेईन म्हणतो. नवी घेऊ की सेकंड हँड?"

मालीम, कुटबण, खारीवाडा, शापोरा, कुठल्याही जेटीवर बघा. मासळी आपली आणि गाडी दुसऱ्याची. भाड्यात जाणारे पैसे बघून जीव चुटपुटतो, ते खरंच आहे. पण घाईत घेतलेल्या गाडीपायी घरातलं सोनं गहाण पडलेलंही मी पाहिलं आहे. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

पहिला हिशोब जून-जुलैचा

१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस मासेमारी बंद. बँकेचा हप्ता मात्र बंद नसतो. उदाहरणासाठी आकडे धरूया, आपापले आकडे घालून तुम्ही करून बघा.

नवी गाडी, इन्सुलेटेड बॉडीसकट १४ लाख. ३ लाख पदरचे, ११ लाख कर्ज, १० टक्के व्याज, ५ वर्षं. हप्ता साधारण २३,४०० रुपये.

जुनी गाडी ६ लाख. २ लाख पदरचे, ४ लाख कर्ज. जुन्या गाडीला व्याज जास्त लागतं, १५ टक्के धरा, मुदत ३ वर्षं. हप्ता साधारण १३,९०० रुपये.

म्हणजे बंदीच्या दोन महिन्यांत नवीला ४६,८०० आणि जुनीला २७,८०० रुपये लागणार, आणि तेव्हा आपल्या बोटीची मासळी नाही. हे पैसे ऑगस्ट ते मे बाजूला काढावे लागतात. नवीसाठी महिन्याला ४,६८० रुपये. हे जमणार नसेल तर नवी गाडी कितीही आवडो, शोरूमची पायरी चढू नका.

जुनी खरंच किती स्वस्त?

आता दुरुस्ती मिळवा. नवीला महिन्याला २ हजार, जुनीला ८ हजार धरले, तर हप्ता आणि दुरुस्ती मिळून वर्षाला नवीला ३,०४,८०० आणि जुनीला २,६२,८०० रुपये. फरक फक्त ४२ हजारांचा. जुनीचा हप्ता तीन वर्षांत फिटतो, ही तिची जमेची बाजू. पण तोवर गाडी आणखी तीन वर्षं म्हातारी झालेली असते.

आणि आपला माल सिमेंट नाही. सिमेंटची गाडी वाटेत बंद पडली तर सिमेंट उद्या पोचेल. आपला बांगडा उद्यापर्यंत थांबत नाही. बर्फ सोडून दीड टन बांगडा, किलोला १०० रुपये धरला तरी दीड लाखाचा माल. चोर्ला घाटात एक रात्र गाडी अडकली आणि माल गेला, तर साडेतीन वर्षांची बचत त्या एका रात्रीत गेली.

मीठ-पाणी लपत नाही

जुना ट्रॉलर घेताना आपण तो वर काढून, खालून ठोकून बघतो. गाडी घेताना मात्र वरचा रंग बघतो! आपल्या एका सभासदाने अशीच मासळीची जुनी गाडी घेतली. रंग नवा, टायर नवे. पहिल्याच पावसाळ्यात खालचे ब्रेकचे पाइप गंजून फुटले. माणसं वाचली हे नशीब.

मासळीच्या गाडीत वितळलेल्या बर्फाचं खारट पाणी सतत चॅसीवर गळतं. म्हणून एवढं तपासा :

१. गाडी रॅम्पवर चढवा. चॅसी, क्रॉस मेंबर, पाटे, ब्रेकचे पाइप आणि वायरिंगचे जोड हातोडी आणि टॉर्च घेऊन बघा. खाली ताजा काळा रंग मारलेला असेल तर संशय घ्या.
२. रिकामी गाडी काट्यावर घाला. आरसी बुकातल्या वजनापेक्षा बरीच जड भरली तर बॉडीच्या पफमध्ये पाणी शिरलेलं असू शकतं. तसा पफ थंडावा धरत नाही. बॉडी नंतर बसवलेली असेल तर आधी ती आरसीवर चढवली आहे का ते बघा.
३. रात्री बर्फाचे क्रेट ठेवून दार बंद करा आणि सकाळी उघडा. किती बर्फ उरला त्यावरून बॉडी कळते.
४. शक्यतो मासळीत न चाललेली गाडी घ्या आणि तिच्यावर नवी इन्सुलेटेड बॉडी बसवा. जुनीतला हा मार्ग मला सगळ्यात बरा वाटतो.

एप्रिल २०२० पासूनच्या गाड्या बीएस-सहा आहेत. त्यांत सेन्सर जास्त, बऱ्याच डिझेल गाड्यांना युरियाचं पाणीही लागतं. बिघाड शोधायला स्कॅनर हवा. बीएस-चार गाडी नाक्यावरचा मेकॅनिकही उघडतो, पण तिचं वय झालेलं आहे. आठ वर्षांपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी असतो, त्यानंतर दरवर्षी.

कागद

टोकन देण्याआधी परिवहन पोर्टलवर कर, फिटनेस, विमा, दंडाची चलनं आणि कर्जाचा बोजा बघा. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, बोजा उतरवायला फॉर्म ३५. गाडी कर्नाटक-महाराष्ट्रातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आधी हातात घ्या. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या.

सबसिडी

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत इन्सुलेटेड गाडीसाठी २० लाखांपर्यंतचा खर्च धरून सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के मदतीची तरतूद केलेली आहे. ही नव्या गाडीसाठी. घरातली बाई मासळी विकत असेल तर तिच्या नावाने अर्ज करायचा विचार करा. यंदा अर्ज घेतात का, ते आधी मत्स्योद्योग खात्यात विचारा. आधी मंजुरी, मग खरेदी. पैसे खात्यात जमा होईपर्यंत मात्र ते हिशोबात धरू नका.

मग काय करावं?

वर्षाला १५० फेऱ्यांची खात्री असेल तर नवीचा हप्ता-दुरुस्तीचा बोजा फेरीमागे साधारण २,००० रुपये येतो. ६० च फेऱ्या असतील तर ५,००० च्या वर. डिझेल, ड्रायव्हर, विमा वेगळेच. तेव्हा फेऱ्या कमी असतील त्यांनी नवीही नको, जुनीही नको. दोघा-तिघांनी मिळून भाड्याची गाडी वर्षाच्या बोलीने ठरवावी. फेऱ्या भरपूर आणि घाटापलीकडच्या असतील तर नवी. जवळच्या मार्केटपुरतीच गाडी हवी आणि ओळखीचा मेकॅनिक हाताशी असेल तर तपासून घेतलेली जुनी.

गेल्या वर्षीच्या फेऱ्या आणि दिलेलं भाडं एका कागदावर लिहून ऑफिसात या. बसून हिशोब करू. टोकन दिल्यावर नको, देण्याआधी या.

आपला,
सचिव