सरकार जेव्हा घरमालक होते

घरमालक आणि भाडेकरू यांचा तंटा आपल्याकडे जुनाच आहे. तो आटोक्यात ठेवण्यासाठी मुंबई प्रांतात १९४७ साली भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. पुढे त्याची जागा महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याने घेतली व तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. घराच्या सुधारणेचा किंवा करवाढीचा खर्च सोडला, तर या कायद्यान्वये भाड्यात वर्षाला चार टक्क्यांची वाढ मान्य आहे. परंतु याच कायद्याच्या तिसऱ्या कलमाने सरकार व स्थानिक संस्था यांच्या मालकीच्या जागा त्यातून वगळल्या आहेत. खाजगी मालकाचा हात कायद्याने धरला. सरकारने स्वतःचा हात मात्र मोकळा ठेवला!

ही सवलत कोणत्या आधारावर दिली गेली? १९४८ च्या कायद्याने निर्माण झालेल्या मुंबई गृहनिर्माण मंडळाच्या एका भाडेकरूने नेमका हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. कायद्यापुढे सर्व समान असताना मंडळाच्या भाडेकरूलाच संरक्षण का नाही, असा त्याचा सवाल होता. १९५४ च्या निवाडासंग्रहात नोंदलेल्या त्या निकालात न्यायालयाने हा भेद ग्राह्य मानला. सरकार, स्थानिक संस्था व मंडळ हे नफ्यासाठी घरे बांधीत नाहीत, सबब ते खाजगी मालकाप्रमाणे भाडेकरूस नाडणार नाहीत, असा त्यामागील विचार होता.

याचा अर्थ उघड आहे. सरकारला मिळालेली सूट हा मालकीचा अधिकार नव्हे; ती विश्वासाने सोपविलेली ठेव आहे. १९८९ साली मुंबई बंदराच्या विश्वस्त मंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. भाडेकायद्यातून सूट मिळाली म्हणून सार्वजनिक संस्थेला मनमानी करता येणार नाही. घरमालक या नात्यानेही तिचे वर्तन वाजवी व लोकहिताचेच असले पाहिजे, असे न्यायालयाने बजाविले.

या कसोटीवर वांद्र्याचा तंटा पाहण्याजोगा आहे. तेथील काही गृहनिर्माण संस्थांना सरकारी जमिनी दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने, नाममात्र भाड्यावर मिळाल्या होत्या. मुदती संपल्या, आणि नूतनीकरणाच्या वेळी सरकारने बाजारमूल्याशी निगडित असा नवा दर लावला. भाडे शेकडो पटींनी वाढले, अशी संस्थांची तक्रार होती. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने ही वाढ मूलतः ग्राह्य ठरविली. प्रत्येक सदनिकेमागे हिशेब मांडला, तेव्हा पटींचा तो आकडा दरमहा काही हजारांवर आला. मात्र पट्टा चालू असताना दर पाच वर्षांनी भाडे पुन्हा वाढविण्याची तरतूद न्यायालयाने मानली नाही.

आमच्या मते हा निर्णय दोन्ही पक्षांस धडा देणारा आहे. मोक्याची सार्वजनिक जमीन पिढ्यानपिढ्या नाममात्र भाड्यावर वापरण्याचा हक्क कोणासही सांगता येणार नाही. ती जमीन बेघरांचीही आहे. परंतु ज्याच्याशी करार केला, त्याला उद्या किती द्यावे लागेल हे आज कळलेच पाहिजे.

आसेगावातील वाचक विचारील, वांद्र्याच्या या भांडणाशी आमचा काय संबंध? संबंध असा की, तिसऱ्या कलमात केवळ मंत्रालय नाही, स्थानिक संस्थाही आहेत. नगरपालिकेच्या चाळीतील खोली असो वा ग्रामपंचायतीचा गाळा असो, पट्टा संपताच भाडेकरू त्याच उघड्यावर येऊन उभा राहतो. वांद्र्याच्या संस्थांना वकील करता आला. चाळीतल्या विधवेस किंवा तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धास तो कोठून परवडणार?

म्हणून आमची मागणी माफक आहे. मुदत संपण्यापूर्वीच नव्या दराची लेखी सूचना द्यावी. दर कसा काढला, याचा हिशेब सोबत जोडावा. वाढ टप्प्याटप्प्याने व ऐपत पाहून करावी. नूतनीकरणाचे अर्ज वर्षानुवर्षे दप्तरात ठेवून मग एकदम थकबाकी काढणे तर सर्वथा अनुचित होय. सरकार नफेखोर नाही, या गृहीतावर ही सूट उभी आहे. ते गृहीत रोजच्या कारभारात खरे करून दाखविणे, हेच तिचे खरे भाडे आहे. आणि ते सरकारने वेळच्या वेळी चुकते केले पाहिजे.