समाजकार्याचे शिक्षण : कशासाठी आणि कोणासाठी?

समाजकार्य हे शिकावे लागते, असे म्हटले की आपल्याकडील पुष्कळ जाणत्या माणसांनाही हसू येते. शेजाऱ्याच्या अडीअडचणीला धावून जायला पदवी कशाला हवी, असे ते विचारतात. घरातल्या मुलीने किंवा मुलाने हा अभ्यासक्रम घेण्याची इच्छा बोलून दाखविली, तर वडील माणसे आणखी एक प्रश्न जोडतात : यात पोट कसे भरणार? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आमचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले आणि कोणत्याही महाविद्यालयाचा शिक्का आमच्यावर नाही. त्यामुळे पदवीची भलावण करण्यात आमचा काही स्वार्थ आहे, असा संशय श्रोत्यांना येणार नाही, अशी आशा आहे. या विद्येत काय शिकवितात, ती शिकलेल्या माणसाला काम कोठे मिळते आणि त्या कामाचे मोल समाज काय करतो, या तीन गोष्टींचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. दानधर्म आपल्याकडे जुना आहे. अन्नछत्रे, धर्मशाळा, पाणपोया यांनी लाखो माणसांची तहानभूक भागविली, हे कोणी नाकारणार नाही. परंतु दानधर्म पुढे आलेल्या हातावर काही ठेवतो; तो हात पुढे का आला, याची चौकशी करीत नाही. ही चौकशी जेथे सुरू झाली, तेथे आजच्या अर्थाच्या समाजकार्याचा आरंभ झाला असे आम्ही मानतो. लंडनच्या पूर्व भागातील गरीब वस्तीत १८८४ साली टॉयन्बी हॉल उभा राहिला. विद्यापीठातून बाहेर पडलेल्या तरुणांनी गरिबांत येऊन राहावे, ही त्यामागची कल्पना. न्यूयॉर्कमध्ये धर्मादाय संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी १८९८ साली सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग भरला. नुसत्या चांगुलपणाने काम निभत नाही, हे तेथील माणसांना अनुभवाने कळले होते. मेरी रिचमंड या बाईंनी १९१७ साली ‘सोशल डायग्नोसिस’ हा ग्रंथ लिहिला. वैद्य जसे रोगाचे निदान करतो तसे अडचणीत सापडलेल्या माणसाच्या परिस्थितीचे निदान कसे करावे, हा त्याचा विषय.

आपल्याकडे मुंबईत १९११ साली नारायण मल्हार जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. रात्रीच्या शाळा, वाचनालये, सहकारी पतपेढ्या अशी कामे लीगने गिरणगावात चालविली. हेच जोशी १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत आघाडीवर होते. वाचनालय चालविणारा माणूस नऊ वर्षांनी कामगारांच्या मध्यवर्ती संघटनेकडे वळला, याचे आम्हांस नवल वाटत नाही. कामगाराला अक्षरे शिकवायला बसले की त्याचा पगार, त्याची खोली आणि त्याच्यावरील सावकाराचे कर्ज ही सारी त्या पाटीवर येऊन बसतात.

मुंबईच्याच नागपाडा वस्तीत क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मिशनरी ‘नेबरहुड हाउस’ चालवीत. त्यांच्या पुढाकाराने आणि टाटा विश्वस्तनिधीच्या पैशाने १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. समाजकार्याचे रीतसर शिक्षण देणारी देशातील ही पहिली संस्था. तिलाच १९४४ पासून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणतात. पुढे १९५५ साली मुंबईत निर्मला निकेतन आणि १९६३ साली पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था निघाली. आता महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत अशी महाविद्यालये आहेत.

तेथे शिकवितात तरी काय? पुस्तकी व्याख्या बाजूला ठेवून एक नेहमी आढळणारा प्रकार घेऊ. कारखान्यातील एक कामगार दोन महिने कामावर अनियमित येतो. मुकादम म्हणतो, माणूस आळशी झाला. बायकोने दागिना गहाण टाकला आहे आणि थोरल्या मुलाची शाळा सुटली आहे. शेजारचा सज्जन माणूस कनवाळूपणे पाचशे रुपये देतो. ते आठवड्यात संपतात आणि घर पुन्हा होते तेथेच येते.

शिकलेला कार्यकर्ता त्या घरी गेला तर तो आधी ऐकतो. उपदेश करीत नाही आणि घाईने पैसेही काढीत नाही. चार भेटींनंतर कळते की माणसाला क्षय झाला आहे आणि नोकरी जाईल या भीतीने तो रोग लपवीत आहे. आता कार्यकर्त्याच्या माहितीचा उपयोग होतो. क्षयाचे औषध सरकारी केंद्रात फुकट मिळते. रोग्याच्या पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत असत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले आहेत. कामगार राज्य विमा योजनेत असेल तर साध्या आजारात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के लाभ मिळतो. क्षयासारख्या दीर्घ आजारात, नोकरीच्या मुदतीची अट पुरी होत असेल तर, ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. म्हणजे ज्या घराला पाचशे रुपयांची भीक घ्यावी लागली, त्या घराचा हक्क केव्हाचा विमा कार्यालयात पडून होता. एका माणसाबरोबर, एका कुटुंबाबरोबर बसून अशी वाट काढणे याला व्यक्तिसहाय्य कार्य म्हणतात.

त्याच वस्तीत रोग लपविणारे आणखी पाचसहाजण निघतात. त्यांना एकत्र बसविले की एकाने दुसऱ्याला पाहून धीर येतो, औषध मधेच सोडण्याचे प्रमाण कमी होते, घरच्या माणसांची भीती मोडते. याला गटकार्य म्हणतात. मग प्रश्न उभा राहतो : एकाच खात्यातील इतकी माणसे का खोकतात? धुळीची, हवेची, दाट वस्तीची चौकशी होते. लोक स्वतः सभा घेतात, नगरपालिकेकडे आणि कारखाने निरीक्षकाकडे अर्ज करतात, पाठपुरावा करतात. हे समुदाय संघटन. येथे समाजकार्याची शीव आमच्या कामाच्या शिवेला येऊन भिडते. या तीन पद्धतींच्या जोडीला मानसशास्त्र, समाजशास्त्र, कायदे, पाहणी करण्याची रीत आणि संस्था चालविण्याचे ज्ञान, असा सर्व अभ्यास असतो.

परंतु या विद्येचा कणा म्हणजे क्षेत्रकार्य. विद्यार्थ्याला साधारणपणे आठवड्यातून दोन दिवस एखाद्या रुग्णालयात, वस्तीत, बालगृहात किंवा शाळेत काम करावे लागते. जे पाहिले, जे बोलले, ते लिहून काढावे लागते. अध्यापक ते वाचतात आणि समोर बसवून विचारतात : तू असे का म्हणालास? त्या बाईला काय हवे होते आणि तुला काय द्यावेसे वाटले? या प्रश्नांनी विद्यार्थ्याचा अहंकार झिजतो. ऐकलेली खाजगी गोष्ट चव्हाट्यावर न नेणे, जे आपल्या हाती नाही त्याचे आश्वासन न देणे, आणि निर्णय ज्याचा त्याला घेऊ देणे, ही तीन पथ्ये अंगी मुरायला वर्षे लागतात. आम्ही संघटनेत अनेक तळमळीचे कार्यकर्ते पाहिले. त्यांपैकी जे हात पोळून शिकले, त्यांच्या शिकण्याची किंमत बहुधा दुसऱ्याच कोणा गरिबाने भरली. देखरेखीखाली शिकण्याचा फायदा हाच की ती किंमत कमी होते.

प्रवेशाची रीत सोपी आहे. बारावी कोणत्याही शाखेतून झालेल्या विद्यार्थ्याला बी. एस. डब्ल्यू. करता येते, तो अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे, आणि नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथे वर्षही जोडले जात आहे. कोणत्याही विषयाच्या पदवीधराला दोन वर्षांचे एम. एस. डब्ल्यू. करता येते. महाविद्यालय निवडताना इमारत पाहू नये. क्षेत्रकार्य खरोखर किती दिवस होते, विद्यार्थ्यांना कोणत्या संस्थांत पाठवितात आणि त्यांनी लिहिलेले अहवाल कोण वाचतो, एवढे तेथील दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावे. उत्तरावरून सगळे कळते.

आता नोकरीचा प्रश्न. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. देशातील ही पहिली नेमणूक मानली जाते. आज मोठ्या रुग्णालयांत हे पद असते. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने ठेवाव्या लागतात. ही खाट मागायची कशी, कागद कोणते लागतात, हे रुग्णाच्या नातेवाइकाला सांगणारा माणूस बहुधा हाच असतो. मुंबईत १९८४ साली पोलीस आयुक्तालयात टाटा इन्स्टिट्यूटने महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. घरात मार खाणारी बाई पोलिसांकडे आली, तर तिचे म्हणणे शिकलेली समाजसेविका ऐकून घेऊ लागली. १९८४ च्याच कुटुंब न्यायालय कायद्याने समुपदेशकांची तरतूद केली. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे बालन्याय मंडळात दंडाधिकाऱ्याबरोबर दोन समाजसेवक बसतात आणि त्यांत किमान एक स्त्री असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोविकार समाजसेवकाची व्याख्या केली. त्यासाठी एम. एस. डब्ल्यू. नंतर आणखी विशेष शिक्षण लागते.

आम्हांला जवळचे पद म्हणजे कारखान्यातील कल्याण अधिकारी. १९४८ च्या कारखाने कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात हा अधिकारी नेमणे सक्तीचे केले. २०२० साली संसदेने संमत केलेल्या संहितेत हा आकडा २५० आहे. जुन्या कायद्याखालील नमुना नियमांत एक मार्मिक कलम होते : कल्याण अधिकाऱ्याने कामगारांविरुद्धची शिस्तभंगाची प्रकरणे हाताळू नयेत आणि मालकाच्या वतीने कामगाराविरुद्ध न्यायासनापुढे उभे राहू नये. नियम करणाऱ्यांना माणसाचा स्वभाव ठाऊक होता. ज्याचे मीठ खातो त्याच्याविरुद्ध बोलणे अवघड असते. या पदावर जाणाऱ्या तरुणाने हा पेच आधीच ओळखावा. समजूतदार अधिकारी आणि जागी संघटना एकत्र आल्या तर पाळणाघर, कँटीन, अपघाताची भरपाई हे प्रश्न संपाविना सुटतात; यांपैकी एक जरी झोपलेले असले तरी सुटत नाहीत.

शेवटी मोलाचा प्रश्न. तो आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण खरे दुखणे तेथे आहे. आपल्या भाषेत ‘सेवा’ हा फार पवित्र शब्द आहे आणि त्याच्या पावित्र्याचा फायदा घेणारेही पुष्कळ आहेत. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. गावोगावच्या अंगणवाडी सेविका मुलांची वजने घेतात, आहार देतात, गरोदर बायांची नोंद ठेवतात. पण त्यांना वेतन नसते, मानधन असते. २००५ नंतर आलेल्या आशा कार्यकर्त्यांना स्वयंसेविका म्हणतात आणि त्यांचा बराचसा मोबदला कामागणिक मोजून दिला जातो. मान द्यायचा आणि धनाची कसर करायची, असा या शब्दाचा व्यवहारातला अर्थ झाला आहे. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला. योजना सुरू झाल्यापासून ४६ वर्षे उलटल्यावर ही गोष्ट न्यायालयाला सांगावी लागली.

पदवी घेतलेल्यांची गतही फार वेगळी नाही. खाजगी संस्थांत पुष्कळांच्या नेमणुका एखाद्या योजनेपुरत्या, वर्षा-दोन वर्षांच्या असतात. देणगी संपली की माणूसही संपतो. वकिलांची जशी परिषद आहे तशी सबंध समाजकार्य व्यवसायाची अखिल भारतीय वैधानिक परिषद आपल्याकडे नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याने वैद्यकीय आणि मनोविकार समाजसेवकांना यादीत घेतले. बाकीचे बाहेरच आहेत. जो स्वतःच्या हक्काविषयी तोंड उघडत नाही, तो वस्तीतल्या बाईला तिचा हक्क कसा सांगणार? म्हणून या शिक्षणक्रमात कामगार कायदे शिकविताना विद्यार्थ्याने ते स्वतःलाही लावून पाहावेत आणि नोकरी लागल्यावर आपल्या सहकाऱ्यांची संघटना करण्यास लाजू नये. संघटित होण्याने सेवा बाटत नाही. रुग्णालयातील परिचारिका पगार मागतात म्हणून त्यांच्या हातची शुश्रूषा कमी प्रतीची ठरत नाही.

तेव्हा आईबापांना आमचे सांगणे असे : मुलाला किंवा मुलीला या वाटेने जायचे असेल तर आडवे येऊ नका, पण यात पैसा भरपूर आहे असे खोटेही सांगू नका. आधी सुट्टीत महिना-दोन महिने एखाद्या रुग्णालयात किंवा वस्तीतल्या संस्थेत जाऊ द्या. तेथून रोज संध्याकाळी परत आल्यावर ते मूल ‘मी काय केले’ यापेक्षा ‘लोकांनी काय सांगितले’ याविषयी जास्त बोलू लागले, तर अर्ज आणायला हरकत नाही. आणि नगरातील ज्या संस्थाचालकांनी अशा माणसांना कामावर ठेवले आहे, त्यांनी पुढच्या वार्षिक सभेत ताळेबंद मांडताना इमारत निधीच्या आधी कार्यकर्त्यांच्या पगाराची ओळ वाचून दाखवावी. सभासदांनीही ती कान देऊन ऐकावी आणि आकडा अपुरा वाटला तर तेथेच उभे राहून विचारावे.