डिंडोलीहून वांसद्याच्या रानात

‘अभयारण्य’ या शब्दाची फोड आपण सर्वांनीच शाळेत केलेली असते. जेथे भय नाही असे अरण्य. पण भय कोणाला नाही, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. अभय दिलेले आहे ते जनावरांना, माणसांना नव्हे. एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली तरी अभयारण्यात कसे जावे, कसे वागावे आणि तेथून काय घेऊन यावे, याचा निम्मा उलगडा होतो. ‘राष्ट्रीय उद्यान’ हा शब्द तर त्याहून फसवा. उद्यान म्हटले की झोपाळे, बाके, कारंजे आणि भेळेची गाडी डोळ्यांपुढे येते. यांपैकी काहीच दिसले नाही म्हणजे मंडळी हिरमुसतात.

मी सुरतेच्या डिंडोलीत राहतो. आपल्याकडच्या वाचकांनी हे ‘दांडेली’ असे वाचू नये. दांडेलीचे अरण्य आपल्या उंबऱ्याशी आहे. डिंडोलीत अरण्य नाही. उधन्याला लागून असलेली ही वस्ती आता महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. नंदुरबार, शिरपूर, अमळनेर, चोपडा या बाजूंहून लूमवर आणि गिरणीत कामाला आलेली हजारो मराठी कुटुंबे या भागात राहतात. गल्लीतून चालताना कानावर मराठीपेक्षाही अहिराणी अधिक पडते. आठवड्यात एक सुट्टी, तीही कधी मिळते, कधी नाही. अशा वस्तीत ‘चला, राष्ट्रीय उद्यान पाहू’ असे म्हटले की पहिला प्रश्न येतो, ‘तिथं सिंह आहे का?’

सिंह गीरला आहे. जगात आशियाई सिंह मोकळा राहतो तो फक्त गुजरातेत, आणि २०२५ च्या गणनेत त्यांची संख्या ८९१ भरली. तो पाहावा, जरूर पाहावा. पण सुरतेहून गीर म्हणजे अख्ख्या काठेवाडाचा फेरा. प्रवास, मुक्काम, परवाना, गाडी, वाटाड्या यांचा खर्च लूमवरच्या माणसाला एकदाच परवडतो. म्हणून मी माझ्या शेजाऱ्यांना सांगतो ते वांसदा राष्ट्रीय उद्यान. नवसारी जिल्ह्यात, अंबिका नदीच्या काठी, अवघे २४ चौ. कि. मी.चे. तेथे सिंह नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस दक्षिण गुजरातच्या या रानांतून वाघही गेला. मग काय आहे? ते सांगण्यासाठीच हा लेख.

आधी कायद्याचे थोडे. आपल्या देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान १९३६ साली झाले, ते हेली, म्हणजे आजचे कॉर्बेट. महाराष्ट्रातले पहिले ताडोबा, १९५५ सालचे. सबंध देशाला लागू होणारा वन्यजीव संरक्षण कायदा मात्र १९७२ साली आला. अभयारण्यात पूर्वापार राहणाऱ्यांचे काही हक्क या कायद्याने चालू राहू शकतात. राष्ट्रीय उद्यानात ते संपवावे लागतात आणि गुरे चारण्यासही बंदी असते. दोहोंतला खरा फरक हा. बाहेरच्या माणसाने आत जायचे तर परवाना हवा, आणि तो कोणकोणत्या कारणांसाठी द्यावा हे कलम २८ मध्ये क्रमाने दिले आहे. प्रथम वन्यजीवांचा अभ्यास, मग छायाचित्रण, मग शास्त्रीय संशोधन, मग पर्यटन आणि शेवटी आत राहणाऱ्या कोणाशी असलेले कायदेशीर काम. पर्यटनाचा नंबर चौथा आहे! कायदा करणाऱ्यांनी हा क्रम मुद्दाम लावला असेल असे नाही, पण मला तो योग्य वाटतो.

वांसद्याला डिंडोलीहून जाणे अवघड नाही. उधन्याहून बिलीमोरा गाठावे. तेथून वघईला छोटी नॅरोगेज गाडी जाते. बडोद्याच्या गायकवाड सरकारने १९१३ साली घातलेला हा ६३ कि. मी.चा मार्ग. डांगातले सागवान खाली आणणे हा त्याचा मोठा उद्योग होता. २०२० साली ही गाडी बंद पडली होती. २०२१ साली पुन्हा सुरू झाली. वेळापत्रक विचारून निघावे, आणि घाई असेल तर एस.टी. पकडावी. उनाईला गरम पाण्याचे झरे आहेत. स्नान करणारे तेथे उतरतात, रान पाहणारे पुढे जातात.

वांसद्याचे रान वाचले कसे, हे पाहण्यासारखे आहे. हे पूर्वी वांसदा संस्थानच्या महाराजांचे खाजगी जंगल. १९५२ पासून येथे झाड तोडलेले नाही, आणि १९७९ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. शेजारच्या डांगात सागाची तोड शिस्तीने चालू असताना या तुकड्यात मात्र म्हातारी झाडे म्हातारी होऊन मरू दिली गेली. मेलेले, पोकळ झाड लाकूड-व्यापाऱ्याला निरुपयोगी असते. रानात मात्र त्याच्याइतके भाड्याला चढलेले घर दुसरे नाही. ढोलीत पिंगळा, सालीखाली किडे, किड्यांवर सुतार, बुंध्याशी घोरपड. आत काही ठिकाणी दुपारीही ऊन जमिनीला लागत नाही, कारण वर साग, साग नाही तेथे बांबू, आणि दोघांना गुंडाळून वेली.

येथेच नव्या माणसाची निराशा होते. आफ्रिकेच्या गवताळ मैदानांची चित्रे पाहून त्याची समजूत झालेली असते की जनावरे कळपाने रांगेत उभी असतील. आपल्या उष्ण कटिबंधातले पानगळीचे ओले अरण्य तसे नसते. जाती पुष्कळ, पण प्रत्येकीची संख्या थोडी, आणि मध्ये पानांचा पडदा. येथे बिबट्या आहे, तरस आहे, भेकर आहे, चौशिंगा आहे. पण बहुतेक रात्रीचे किंवा लाजाळू. बिबट्या तुम्हाला दहा वेळा पाहील तेव्हा कदाचित तुम्ही त्याला एकदा पाहाल. म्हणून या रानात डोळ्यांच्या आधी कान वापरावे लागतात. वानर झाडावरून खोकल्यासारखा खर्ज आवाज काढून एकाच दिशेला टक लावून पाहू लागला, की त्या दिशेला काहीतरी आहे. त्यात खालून भेकर भुंकले, तर आहेच. अशा वेळी बोलणे थांबवून उभे राहावे. दहापैकी नऊ वेळा काही दिसणार नाही. पण आपल्यापासून शंभर पावलांवर काहीतरी घडते आहे हे कळणे हेही पाहणेच आहे, असे माझे मत.

आणि जे हलत नाही ते तर सर्वांनाच दिसते. पावसाळा सरला की वाटेच्या दोन्ही बाजूंना मोठ्या रानकोळ्यांची जाळी ताणलेली असतात. मादी तळहाताएवढी, नर तिच्यापुढे नखाएवढा. सकाळच्या उन्हात या जाळ्याचे धागे सोनेरी दिसतात. तो उन्हाचा खेळ नव्हे, धागाच मुळी पिवळा असतो. मी माझ्यासोबत आलेल्या एका शेजाऱ्याला हे दाखविले. जन्म लूमवर गेलेला हा माणूस. त्याने धागा न तोडता बोटाच्या टोकाने ताण पाहिला आणि म्हणाला, “ही तर जर हाय, भाऊ!” सुरत जरीचे गाव, त्याला दुसरी कोणती उपमा सुचणार? मादागास्करमध्ये अशाच सोनेरी कोळ्यांचा धागा काढून चार वर्षांत एक वस्त्र विणले होते, त्याला दहा लाखांहून अधिक कोळी लागले, आणि २००९ साली ते न्यू यॉर्कच्या संग्रहालयात मांडले गेले. हे ऐकल्यावर तो बराच वेळ हिशेब करीत होता आणि शेवटी ‘धंद्यात बसणार नाही’ असा निकाल दिला. सिंहाची आठवण त्याला परत येईपर्यंत झाली नाही.

वांसद्याला लागूनच डांग. तेथे महालजवळ पूर्णा अभयारण्य आहे, १६० चौ. कि. मी.चे, १९९० साली झालेले. डांगात गेलात तर तिथल्या बोलीकडे लक्ष द्या. निम्मी आपल्याला समजते. १९६० साली दोन राज्ये झाली तेव्हा डांग कोणाकडे जावा यावर बराच वाद झाला आणि तो गुजरातेत गेला. असल्या वादांची चव आपल्याकडच्या वाचकांना वेगळी सांगायला नको. त्याच्याही आधी, १८४२ साली, इंग्रजांनी जहाजांसाठी लागणाऱ्या सागावर डोळा ठेवून येथल्या भिल्ल राजांकडून हे जंगल पट्ट्याने घेतले. त्या राजांच्या वंशजांना आजही होळीच्या आधी आहव्याच्या डांग दरबारात वार्षिक सालियाना मिळतो.

हे सांगण्याचे कारण असे की, अभयारण्यातल्या वाटेवर मोहाची फुले वेचणारी बाई किंवा सरपणाची मोळी दिसली की आमच्यातला कोणीतरी नाक मुरडतो, ‘हे लोक जंगल संपवणार.’ आपण शंभर मैलांवरून, परवाना काढून, गाडीने धूर सोडीत आलेलो असतो. ती बाई पिढ्यान् पिढ्या येथलीच असते. राष्ट्रीय उद्यानात तिला बंदी आणि आपल्याला तिकीट, हा न्याय मला पुरता पटलेला नाही. दुसरी बाजूही आहे: २४ चौ. कि. मी.च्या रानात सगळ्यांना सगळे करू दिले, तर ते दहा वर्षे टिकणार नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानात राहणाऱ्यांचा हक्क मान्य केला. तो अभयारण्यांनाही लागू आहे. दोन्ही कायदे एकाच रानात नांदवायचे कसे, याचे सरळ उत्तर माझ्याजवळ नाही. पण नाक मुरडणाऱ्याच्या हातातली वेफर्सची पिशवी मी आधी पाहतो.

आता एका पक्ष्याची गोष्ट. रानपिंगळा नावाचे एक छोटे घुबड आहे. ते खानदेशात १८८४ साली शेवटचे मिळाले आणि मग नाहीसे झाले. कर्नल माइनर्टझागेन नावाच्या एका प्रसिद्ध इंग्रज संग्राहकाने आपण ते १९१४ साली मांडवीला, म्हणजे आमच्या सुरतेकडच्या, तापीकाठच्या मांडवीला, मारल्याचे सांगितले. त्याच्या शब्दावर विसंबून शोधणाऱ्यांची दिशा चुकली. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी संग्रहालयांतले नमुने तपासले, तेव्हा निघाले ते असे की माइनर्टझागेनचा पिंगळा हा डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने पूर्वीच गोळा केलेला, चोरून, नवा पेंढा भरून, खोटी चिठ्ठी लावलेला होता! मग खऱ्या नोंदींचा माग काढीत त्या सहकाऱ्यांसह भारतात आल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, ११३ वर्षांनी हा पिंगळा एका उघड्या फांदीवर दिवसाढवळ्या बसलेला सापडला. पुढे तो जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्यात आणि डांगातल्या पूर्णा अभयारण्यातही आढळला.

डिंडोलीतल्या कित्येक घरांचे मूळ गाव शहाद्याच्याच आसपासचे आहे. ज्या पक्ष्याला जगाने मेला समजून सोडून दिले होते, तो त्यांच्या आजोबांच्या शेताच्या बांधापलीकडे बसलेला होता. घुबड अशुभ म्हणून त्याच्याकडे कोणी बघितले नाही, इतकेच. हा पिंगळा दिवसा शिकार करतो, सागाच्या विरळ रानात राहतो आणि म्हाताऱ्या झाडाच्या ढोलीत घरटे करतो. म्हणजे एका दिवसाच्या प्रवाशाला दिसू शकेल असा हा दुर्मिळ प्राणी आहे.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. पावसाळ्यात रान बहुतेक बंद असते. गीर तर १६ जून ते १५ ऑक्टोबर कोणालाच उघडत नाही. कोळी, फुलपाखरे, वाहते नाले पाहायचे तर ऑक्टोबर-नोव्हेंबर, पक्ष्यांसाठी थंडी, जनावरे पाहायची तर चैत्र-वैशाख. तेव्हा सागाची पाने झडलेली असतात, पाणी चार-दोन डोहांतच उरते आणि सगळ्यांना तेथेच यावे लागते. डोहाकाठच्या चिखलात उमटलेले ठसे पहाटे वाचावेत, उन्हाने कडा ढासळण्यापूर्वी. कपडे मातकट रंगाचे असावेत, अत्तर नको, मोबाइलवरची गाणी नकोत. विडी-काडी वाटेवरच ठेवून जावे. वाळलेल्या बांबूच्या रानाला एक थोटूक पुरते. वानरांना काही देऊ नये; एकदा हात पाहिलेले वानर पुढच्या माणसाची पिशवी ओढते. परवाना वन खात्याच्या कचेरीतून आधी काढून ठेवावा, ओळखपत्र जवळ असू द्यावे आणि पायी फिरायचे तर स्थानिक वाटाड्या घ्यावा. त्याला आधी सांगावे, ‘वाघ नको, पिंगळा दाखव.’ तो तुमच्याकडे एकदा नीट पाहील, आणि मग चालू लागेल.