अनुतापाविना कबुली

ल्यूथरच्या बंडाने हादरलेल्या कॅथलिक धर्मसभेने ट्रेंट येथील परिषदेत, १५५१ च्या नोव्हेंबर महिन्यात, पापनिवेदनाच्या संस्काराचे जे विवरण मुक्रर केले, त्यात पापी मनुष्याकडून अनुताप, कबुली आणि प्रायश्चित्त अशी तीन कृत्ये अपेक्षिली असून, त्यांतही अग्रमान अनुतापाला दिलेला आहे. गोव्यात ज्यास कुमसार म्हणतात, त्याचा खरा आधार हाच.

अनुताप म्हणजे पापाविषयीचे दुःख, त्याचा तिटकारा आणि ते पुन्हा न करण्याचा निश्चय. ईश्वरप्रेमातून उपजलेला अनुताप पूर्ण, तर नरकाच्या भयाने किंवा पापाच्या किळसवाणेपणाच्या जाणिवेने उपजलेला अपूर्ण. परंतु पापाची वासना खरोखर सोडलेली असेल, तर धर्मगुरूच्या क्षमावचनासह हा अपूर्ण अनुतापही पुरतो. ही सवलत मला मनुष्यस्वभावाची फार चांगली पारख असलेली वाटते. कारण निर्मळ प्रेमाचीच अट घातली असती, तर कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूच्या जाळीपुढे गुडघे टेकण्यास कितीजण धजले असते? मात्र उद्या तेच करण्याचा बेत मनात बाळगून दिलेला कबुलीजबाब, शब्दांनी कितीही बिनचूक असला तरी, रद्दबातल होय. आपण पुन्हा घसरू अशी धास्ती वाटणे निराळे. तिने निश्चयाला बाध येत नाही.

समजत्या वयाच्या प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा कबुली द्यावी, असा दंडक चौथ्या लॅटेरन परिषदेने १२१५ सालीच घातला होता. विषय गंभीर, जाणीव पूर्ण आणि संमती स्वेच्छेची, असे जे पाप, त्याचा प्रकार आणि आठवेल तितकी संख्याही सांगावी लागते. अनवधानाने विसरलेले पाप क्षमेत येते व आठवल्यावर पुढील खेपेस सांगायचे असते. लाजेपोटी जाणूनबुजून दडवलेले एक गंभीर पाप मात्र सारी कबुली निष्फळ करते. चोरी केली असेल, तर शक्य तेथे ऐवज परत केला पाहिजे. नुसत्या जपावर ती बाब निकालात निघत नाही.

कबुलीच्या या कचेरीत फिर्यादी आणि आरोपी एकच असतो, आणि त्याने काहीही हातचे राखू नये अशी अपेक्षा असल्यामुळे, ऐकणाऱ्यावरही तितकेच कडक बंधन आहे: कबुलीत ऐकलेले पाप आणि पापी थेट उघड करणारा धर्मगुरू तत्क्षणी बहिष्कृत होतो, आणि तो बहिष्कार उठविण्याचा अधिकार रोमच्या पीठाने स्वतःकडे राखून ठेवला आहे.