लघुउद्योगाच्या कार्यालयात इंटरनेट दूरध्वनी

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या शहरांत दूरध्वनी केंद्रे सुरू झाली ती १८८२ साली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे दूरध्वनीची मूळ रचना फारशी बदलली नाही. ग्राहकाच्या जागेपासून केंद्रापर्यंत तांब्याच्या तारांची एक जोडी आणि केंद्रात त्या जोडीची दुसऱ्या जोडीशी गाठ घालून देणारी यंत्रणा, एवढाच तिचा गाभा होता. ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहण्याचे दिवस ज्यांनी अनुभवले आहेत, त्यांना या तारांच्या जोडीचे मोल सांगावयास नको. आता ही तार झपाट्याने मागे पडत आहे. फायबरवरून दिला जाणारा नवा ‘लँडलाइन’ दूरध्वनीदेखील आतून इंटरनेटच्याच पद्धतीने चालतो. त्यामुळे आपल्या लघुउद्योजकांनी ही पद्धत समजून घेणे अगत्याचे झाले आहे.

इंटरनेट दूरध्वनीत दोघांच्या बोलण्यासाठी स्वतंत्र तार राखून ठेवलेली नसते. बोलणाऱ्याच्या आवाजाचे अंकांत रूपांतर होते आणि त्याची लहान लहान पाकिटे केली जातात. सामान्यतः एका पाकिटात २० मिलिसेकंदांचा आवाज मावतो, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटे निघतात. टपालातील पत्रांप्रमाणे ती इतर सर्व मजकुराबरोबर एकाच वाटेने जातात आणि पलीकडे पुन्हा क्रमाने लावून ऐकविली जातात. सर्वांत प्रचलित पद्धतीत एका संभाषणाला प्रत्येक दिशेने सुमारे ८७ किलोबिट प्रतिसेकंद एवढी क्षमता लागते. पाच जण एकाच वेळी बोलत असले तरी अर्ध्या मेगाबिटहून कमी. तेव्हा ‘आमचे इंटरनेट एवढे वेगवान नाही’ ही शंका बहुतेक ठिकाणी निराधार असते. अडचण निराळीच असते, तिच्याकडे पुढे येऊ.

आपल्या देशात या सेवेला १ एप्रिल २००२ पासून मर्यादित परवानगी मिळाली. संगणकावरून परदेशातील दूरध्वनीवर बोलता येत असे, परंतु देशांतर्गत दूरध्वनी जाळ्याशी तिची गाठ घालण्यास मनाई होती. जून २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्यांच्या अटींत सुधारणा केल्यावर परवानाधारक दूरध्वनी कंपन्यांना इंटरनेटवरून नेहमीच्या क्रमांकांशी जोडणारी सेवा देता येऊ लागली.

आता प्रत्यक्ष उपयोगाचा विचार करू. समजा, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एक यंत्रशाळा आहे आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत तिचे ओतकामाचे दुसरे आवार आहे. उद्यमनगरातील कार्यालयात ०२३१ ने सुरू होणारा जुना क्रमांक आहे. तो बिलांवर, पाटीवर आणि वीस वर्षांच्या गिऱ्हाइकांच्या वहीत नोंदलेला आहे. पुण्याहून खरेदी अधिकारी विचारतो, ‘माल निघाला का?’ कार्यालयातील लेखनिक शिरोलीला मोबाइल लावतो. तिथे भट्टीच्या गोंगाटात पर्यवेक्षकाला घंटा ऐकू येत नाही. ‘कळवतो’ असे सांगून दूरध्वनी ठेवला जातो आणि कळविण्याचे राहून जाते. दुसरीकडे, विक्री पाहणारा प्रतिनिधी स्वतःच्या मोबाइलवरून सारा व्यवहार करतो. तो नोकरी सोडून गेला की त्याचा क्रमांक त्याच्याबरोबर जातो आणि क्रमांकामागोमाग गिऱ्हाईकही.

इंटरनेट दूरध्वनीचा खरा लाभ इथे आहे. दोन्ही आवारे एकाच अंतर्गत व्यवस्थेत येतात. उद्यमनगरात आलेला कॉल तीन आकडे दाबून शिरोलीच्या टेबलावर देता येतो. तिथे कोणी उचलला नाही तर तो ठरावीक सेकंदांनी दुसरीकडे वाजतो. कोणाचा कॉल किती वाजता आला आणि कोणता अनुत्तरित राहिला याची नोंद सायंकाळी मालकाला पाहावयास मिळते. प्रतिनिधी बदलला तरी क्रमांक संस्थेचाच राहतो. विक्रेते मात्र ‘बिल निम्म्यावर येईल’ याच गोष्टीवर भर देतात. मोबाइलच्या सध्याच्या योजनांत देशांतर्गत बोलणे जवळजवळ अमर्याद झालेले असताना, केवळ त्या बचतीसाठी ही व्यवस्था घेणे फारसे शहाणपणाचे नाही. ज्या दुकानात दिवसाला पाच-सहा कॉल येतात आणि ते उचलणारा माणूस एकच आहे, त्याने या खटाटोपात पडूच नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

या लाभाबरोबर एक जबाबदारी येते आणि तिची कल्पना खरेदीच्या वेळी क्वचितच दिली जाते. तांब्याच्या तारेवरील दूरध्वनीला लागणारी ४८ व्होल्टची वीज केंद्रातील बॅटऱ्यांतून त्याच तारेने येत असे. म्हणूनच गावात अंधार झाला तरी काळा दूरध्वनी खणखणत असे. ती काळजी दूरध्वनी खाते वाहात होते, आता ती मालकाच्या अंगावर येते. इंटरनेट दूरध्वनी चालू राहावयाचा तर फायबरच्या टोकाची पेटी, राउटर, जोडणीचा स्विच आणि दूरध्वनी संच या चौघांनाही वीज मिळाली पाहिजे. यांतील एकाचा प्लग जरी इन्व्हर्टरबाहेरच्या खटक्यावर असला तरी सगळेच मुके होतात. साध्या इन्व्हर्टरवर वीज बदलताना क्षणभर खंड पडून राउटर नव्याने सुरू होतो आणि चालू संभाषण तुटते. त्यासाठी या उपकरणांना छोटा यूपीएस वेगळा असावा. स्थानिक पुरवठादाराच्या खांबावरील पेटीला वीज गेल्यावर किती वेळ आधार आहे, हेही आधी विचारून घ्यावे.

वर म्हटलेली दुसरी अडचण आवाज तुटण्याची. बोलणे सहज वाटावे यासाठी एका बाजूचा आवाज दुसरीकडे पोचण्यास १५० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागू नये, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत म्हटले आहे. यंत्रशाळेतून मोठा आराखडा पाठविला जात असेल, किंवा पाळतीच्या कॅमेऱ्यांचे चित्रण बाहेर जात असेल, तर राउटरच्या दाराशी पाकिटांची रांग लागते. आराखडा दोन सेकंद उशिरा पोचला तर कोणाचे बिघडत नाही, परंतु उशिरा आलेले आवाजाचे पाकीट निरुपयोगी होऊन फेकले जाते. वेग वाढवून घेण्यापूर्वी राउटरमध्ये आवाजाला अग्रक्रम लावून घ्यावा. जोडणी करणाऱ्या कारागिराकडून याची परीक्षा समोरच करवून घेता येते. एकीकडे मोठी फाइल पाठवावी आणि त्याच वेळी दूरध्वनीवर दोन मिनिटे बोलून पाहावे. कार्यालयातील संच वाय-फायवर न ठेवता शक्यतो तारेने जोडावेत. ओतशाळेसारख्या लोखंडी सांगाड्याच्या आवारात तर हे विशेष आवश्यक आहे.

जुन्या क्रमांकाबाबत घाई करू नये. मोबाइल क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर जानेवारी २०११ पासून झाली, परंतु स्थिर दूरध्वनीच्या क्रमांकाला ती लागू नाही. नव्या कंपनीकडे गेल्यास नवा क्रमांक मिळतो. म्हणून आपल्याच कंपनीकडून त्याच क्रमांकावर ही सेवा मिळते काय, हे प्रथम विचारावे. मिळत नसेल तर जुनी जोडणी काही काळ चालू ठेवून तिच्यावरील कॉल नव्या क्रमांकाकडे वळवावेत. त्या जोडणीवर फॅक्स किंवा धोक्याची घंटा देणारे यंत्र लावलेले असेल, तर तेही तपासावे. अशी यंत्रे नव्या व्यवस्थेवर भरवशाने चालतीलच असे नाही.

चोरीचा एक प्रकारही सांगितला पाहिजे. इंटरनेटवर उघड्या राहिलेल्या दूरध्वनी व्यवस्थेचे परवलीचे शब्द शोधण्याचा प्रयत्न यंत्रांकरवी अहोरात्र चालू असतो. २०१ क्रमांकाच्या संचाचा परवलीचा शब्दही २०१ ठेवला, तर तो सापडण्यास वेळ लागत नाही. मग सुट्टीच्या रात्री परदेशांतील महागड्या क्रमांकांवर कॉल होतात आणि देयक मालकाच्या नावे येते. परदेशी कॉलची गरज नसल्यास ती सोय कंपनीकडूनच बंद करून घ्यावी, गरज असल्यास खर्चाची मर्यादा बांधून घ्यावी, आणि प्रत्येक संचाला लांब व निराळा परवलीचा शब्द द्यावा. अनेक सिमकार्डे घातलेली पेटी बसवून परदेशी कॉल स्वस्तात देणारे कोणी आले, तर त्यांना दारातूनच परत पाठवावे. परवान्याविना अशी सेवा चालविणे हा गुन्हा आहे आणि पेटी आपल्या जागेत सापडल्यास उत्तर आपल्याला द्यावे लागते. जाहिरातीचे कॉल करावयाचे असतील, तर दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे नोंदणी करून त्यासाठी ठरविलेल्या क्रमांकांवरूनच ते करावे लागतात.

निर्णय झाल्यावर सर्व संच एकदम न बदलता प्रथम दोन-तीन बसवावेत आणि महिनाभर जुनी व नवी व्यवस्था बरोबरीने चालवावी. या अवधीत एकदा मुख्य खटका मुद्दाम बंद करून किती वेळ बोलता येते ते घड्याळ लावून पाहावे, आणि अनुत्तरित कॉलची नोंद रोज कोणी वाचावयाची हे ठरवून टाकावे. जुनी जोडणी बंद करण्याचा अर्ज त्यानंतर द्यावा.